दर रविवारी पाव फेरा

टोकियोजवळच्या उरायासुतल्या आमच्या घरमालकांनी चार वर्षांत मला एकदाही ‘कशा आहात’ असं विचारलं नाही. जिन्यात भेटले की शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढायचे, डोळ्यांजवळ नेऊन बघायचे आणि म्हणायचे, “अकरा.” मग थोडंसं वाकून निघून जायचे. पहिले काही महिने यावर काय म्हणायचं तेच मला कळेना. मीही वाकून “हो, अकरा” म्हणायची आणि भाजीची पिशवी सावरत वर यायची. नवरा म्हणाला, अगं, हवापाण्याच्या गप्पा मारायची त्यांची तऱ्हा असेल. पण हवापाण्याच्या गप्पा मारणारा माणूस ‘आज गारठा आहे बुवा’ एवढं तरी म्हणतो. यांचा नुसता आकडा. पुढचं वाक्य मी बोलायचं होतं की काय, या विचारात मी कितीदा तरी जिन्यात तशीच उभी राहिले आहे.

सगळे त्यांना ओया-सान म्हणत. ओया म्हणजे घरमालक. खरं नाव भाडेकरारावर होतं, पण त्याची चित्रलिपी मला शेवटपर्यंत नीट वाचता आली नाही. सत्तरीचे, किडकिडीत, थंडीभर एकाच तपकिरी स्वेटरमध्ये. झाडाची छाटणी करायची असली की मात्र टाय लावायचे. एरवी अंगणात बनियनवर फिरणारा माणूस, हातात कात्री घ्यायच्या आधी आरशासमोर उभा राहून टाय बांधतो, हे मी आमच्या व्हरांड्यातून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमची इमारत दुमजली, सहा बिऱ्हाडांची. समोर सायकली लावायच्या जागेपलीकडे त्यांचं स्वतःचं जुनं घर, आणि ते घर कललेलं. दोन हजार अकराच्या भूकंपात उरायासुची भराव घातलेली जमीन खालून पातळ झाली, वाळू नि पाणी वर आलं आणि कित्येक घरं होती तशी एका अंगाला झुकली. आमची इमारत खोल खांबांवर उभी होती म्हणून वाचली. शेजाऱ्यांनी जॅक लावून आपापली घरं सरळ करून घेतली. ओया-सानांनी नाही घेतलं. का नाही, असं मी तीनदा विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. एकदा म्हणाले, सवय झाली. एकदा म्हणाले, मांजराला असंच आवडतं. मांजर मी कधी पाहिलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी थर्मामीटर काढला आणि म्हणाले, “सव्वीस.”

त्यांच्या घरी चहाला गेलं की कपाखाली लाकडाची पाचर असायची. प्रत्येक कुंडीखाली पाचर, रेडिओखाली पाचर. आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, तिला त्यांनी एक काचेची गोटी दिली होती. ती दारापाशी सोडली की घरंगळत आपोआप देवघरापर्यंत जायची, आणि दोघं गंभीर चेहऱ्याने ती गोटी पुन्हा पुन्हा सोडत बसायचे. उलट ते आमच्याकडे आले की भिंतीला हात धरून उभे राहायचे. सरळ जमिनीवर त्यांना गरगरायचं.

त्यांच्या इमारतीत आम्ही भाड्याने आलो भूकंपानंतर दोन वर्षांनी. नवऱ्याचं टोकियोतलं आयटीचं कंत्राट, मुलीची शाळा एदोगावाला, म्हणून उरायासु सोयीचं. जपानमध्ये भाड्याने घर घ्यायचं तर जामीनदार लागतो, आणि आमच्यासारख्यांना जामीन राहणार कोण? एजन्सीतला पोरगेला माणूस म्हणाला की या मालकांना जामीनदार लागत नाही. आम्ही पडलो पुणेकर. काही सुखासुखी मिळतंय म्हटल्यावर आम्हाला आधी शंका येते. “मग काय लागतं?” नवऱ्याने विचारलं. तो माणूस जरा ओशाळला आणि म्हणाला, “एक झाड सांभाळावं लागतं.”

सह्या झाल्या त्या दिवशी ओया-सान दोन्ही हातांत कुंडी धरून आले. वेल होता. पश्चिम आफ्रिकेतल्या जंगलातला. जपानीत त्याला गेन्पेई-काझुरा म्हणतात. कोणे एके काळी इथे दोन घराणी लढली, एकाचं निशाण पांढरं, दुसऱ्याचं लाल, त्यावरून हे नाव. फूलही तसंच असतं. आधी पांढऱ्याशुभ्र कागदी पिशव्यांचा घोस येतो, मग एकेका पिशवीच्या तोंडातून लालभडक फूल डोकं बाहेर काढतं. कुंडीत तीन काठ्या रोवून त्यांना तारेची कडी बांधली होती, कंदिलाच्या सांगाड्यासारखी, आणि वेल त्याभोवती गोल गोल फिरवला होता. सगळ्यात वरच्या कड्याला एक लाल दोरा बांधलेला.

हा वेल जपानात त्यांच्याकडे कसा आला, हेही एक गूढच. पूर्वी ते लाकूड वाहणाऱ्या जहाजांवर इंजिनात कामाला होते. मला सांगितलं की एका बंदरात जहाजाच्या आचाऱ्याने फांदी दिली. नवऱ्याला सांगितलं की तीन स्टेशनं पलीकडच्या दुकानातून आणला. दोन्ही वेळा त्यांचा चेहरा तितकाच खरा होता.

कुंडीबरोबर एक कागद दिला. मला वाचता यावं म्हणून पहिलीतल्या मुलांसाठी लिहितात तशा सोप्या अक्षरांत, मोठ्या ओळी. उन्हाळ्यात रोज पाणी. पानं गळायला लागली की बंद. दहा अंशांखाली नको. थंडीत काचेच्या आत स्टुलावर, रात्री काचेपासून हातभर दूर. फुलं संपली की अर्धा कापा, भिऊ नका, फूल नव्या फांदीवरच येतं. दर रविवारी कुंडीला पाव फेरा. आणि शेवटची ओळ: मेलं तर या आणि सांगा.

मी तो कागद फ्रिजवर लावला. आमच्या संसारात सूचनांचा कागद लावला की त्या पाळल्या असंच आम्ही धरतो.

शेवटचं सोडून बाकीची कलमं मी खरोखरच पाळली. दर रविवारी सकाळी पोहे झाले की कुंडी पाव फेरा फिरवायची. सगळ्या बाजूंना ऊन लागावं म्हणून असेल, असं मी समजून चालले होते, आणि ते काही चूक नव्हतं. न फिरवलेला वेल एकाच अंगाने भरतो. सप्टेंबरात आमच्या वेलाला फुलं आली. नोव्हेंबरात ओया-सान टाय लावून आले, अर्धा वेल कचाकच कापला, कापलेल्या फांद्या ओल्या टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले. त्या वाळूत लावून त्यांची नवी रोपं व्हायची आणि पुढच्या भाडेकरूंना मिळायची. मला वाटलं होतं माझं कौतुक करतील. मुंडावळ्या काढलेल्या नवरदेवासारखी ती उघडीबोडकी कुंडी माझ्या हातात देऊन ते म्हणाले, “बारा,” आणि गेले.

एक गोष्ट मात्र मला नेहमी चक्रावून टाकायची. जमीन हलली, म्हणजे ते लहानसहान धक्के, ज्यांना तिथे कोणी टीव्हीवरून मान वळवूनही बघत नाही, की ओया-सान चपला घालून अंगणात यायचे, मान वर करून एकेक व्हरांडा बघायचे, सहाही बघून झाले की मान हलवायचे आणि आत जायचे. कुणाची घंटा वाजवली नाही, कुणाला हाक मारली नाही. कुंड्या पडल्या का ते बघत असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या हिवाळ्यात सासूबाई आल्या. नोव्हेंबर ते जानेवारी, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. मी तेव्हा एका कंपनीत दुपारपर्यंत काम धरलं होतं, नवरा सकाळी सातला बाहेर, नात शाळेत. सासूबाईंना ना भाषा, ना शेजार. आंघोळ झाली की पुण्यात त्या तुळशीला पाणी घालत. इथे तुळस नव्हती. होता तो हा वेल, काचेच्या आत स्टुलावर, एकही पान नसलेला. त्यांनी दुधाच्या भांड्यात पाणी घेऊन रोज सकाळी त्याला घालायला सुरुवात केली. कुंडीला हळदकुंकूही लावलं.

मी पहिल्याच आठवड्यात बशीत साचलेलं पाणी पाहिलं. म्हटलं, आई, याला थंडीत पाणी घालायचं नसतं, झोपलंय ते. त्या म्हणाल्या, “झोपलेल्या माणसाला तहान लागत नाही का गं?” मी हसले. पुन्हा एकदा सांगितलं, तेव्हा त्या भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. परक्या देशात अख्ख्या दिवसात त्यांच्या हातचं असं तेवढंच एक काम होतं, ते काढून घ्यायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी बशी रोज ओतून टाकायची आणि काही बोलायची नाही. झाड मारलं ते त्यांच्या पाण्याने, पण दोष निम्म्याहून जास्त माझा आहे.

जानेवारीत खोड खालून काळं पडलं. बोटाने दाबलं तर मऊ लागलं आणि मातीला कुबट वास येत होता. सासूबाई रडायला लागल्या. मी फ्रिजवरचा कागद बघितला. शेवटची ओळ काही अवघड नव्हती. चपला घालून खाली उतरायचं, अंगण ओलांडायचं आणि सांगायचं, मेलं. माझ्या जपानीला तेवढं नक्की जमलं असतं. पण मला वाटलं, हाच आपला जामीन. तो मेल्याचं कळलं तर उद्या म्हणतील, घर सोडा. मुलीची शाळा, नवऱ्याचं कंत्राट, पुन्हा जामीनदाराची शोधाशोध, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी चपला घातल्या त्या बागेच्या सामानाच्या मोठ्या दुकानात जायला.

फोनमधला फोटो दाखवला तर तिथल्या मुलीने काचघरातून तसंच एक रोप आणून दिलं. फूल नव्हतं, पण वेल तोच दिसत होता. अडचण एवढीच की काचघरातलं असल्यामुळे त्याला पानंच पानं होती, आणि आमचं झाड तर निष्पर्ण असायला हवं. मग सासूबाई आणि मी व्हरांड्याचं दार लावून घेतलं, पडदा ओढला आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, मेथी निवडावी तशी त्या धडधाकट झाडाची पानं एकेक करून खुडली. कुंडी तीच, काठ्या त्याच, दोरा तोच. मुलगी शाळेतून आली, झाडाकडे बघितलं आणि जपानीत म्हणाली, “हे कोण?” तिला आम्ही चॉकलेट देऊन गप्प केलं.

जूनमध्ये फुलं आली. मी सकाळी व्हरांड्यात जाऊन बघितलं. पिशव्या पांढऱ्या नव्हत्या. जांभळट गुलाबी होत्या. जात वेगळी होती, आणि हे फूल येईपर्यंत कळायला मार्गच नसतो. पांढरी पिशवीही जुनी झाली की गुलाबी पडते, हे ओया-सानांनीच मला सांगितलं होतं, तेवढा एक आधार धरून मी बसले. आठ दिवसांत ते गटाराची जाळी बघायच्या निमित्ताने वर आलेच. भिंतीला हात धरून फुलांकडे बघत राहिले. त्याच सकाळी उमललेलं फूल होतं. मी घाईघाईने म्हटलं, जुनी झाली की गुलाबी होतात ना. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा फुलाकडे.

“हो,” ते म्हणाले. “हे जरा लवकर म्हातारं झालं.”

हे थट्टेने म्हणाले, रागाने म्हणाले की त्यांना खरंच तसं वाटलं, याचा मी पुढची तीन वर्षं विचार करत होते. त्या नोव्हेंबरात ते टाय लावून आले, तितक्याच मन लावून वेल कापला आणि फांद्या ओल्या टॉवेलात गुंडाळून नेल्या. म्हणजे माझं खोटं आता वाळूत रुजून दुसऱ्यांच्या घरी जाणार होतं. दर वेळी मी ठरवायची, आज सांगते. जिन्यात ते “एकोणीस” म्हणायचे, मी “एकोणीस” म्हणायची आणि वर यायची.

तिसऱ्या वर्षी मला फ्लू झाला. नवरा ओसाकाला, मुलगी मैत्रिणीकडे इचिकावाला ठेवलेली, मी एकटी तापात. दोन रविवार कुंडी फिरवली नाही. सोमवारी सकाळी घंटा वाजली. दारात ओया-सान, हातात भाताच्या पेजेचा डबा. मला वाटलं झाडाची तपासणी, म्हणून मी दार अडवून उभी राहिले. पण त्यांनी आत बघितलंच नाही. ते खाली वाकून चपलांच्या जागेकडे बघत होते. माझे बूट, मुलीच्या पावसाळी चपला. “नवऱ्याचे कुठे?” त्यांनी विचारलं. म्हटलं, ओसाकाला गेलेत, शुक्रवारी येतील. “शुक्रवारी,” ते म्हणाले, डबा दिला आणि गेले. आजारी माणसाच्या घरी येऊन बूट मोजायचे, हा काय प्रकार, हे तापात तर नाहीच कळलं आणि उतरल्यावरही कळलं नाही.

कंत्राट संपलं आणि मार्चअखेर आम्ही परत निघालो. झाड भारतात नेता येत नाही, आणि न्यायचा हक्कही नव्हता. शेवटच्या रविवारी मी कुंडी उचलली, फ्रिजवरचा कागद काढून पर्समध्ये टाकला आणि अंगण ओलांडलं. मुलगीही बरोबर आली, गोटी घेऊन.

त्यांनी मला वरच्या खोलीत नेलं. चार वर्षांत पहिल्यांदाच. कललेल्या त्या खोलीत खिडकीपाशी एक खुर्ची होती, पुढच्या दोन पायांखाली पाचरी. मी कुंडी खाली ठेवली, तिच्याखाली त्यांनी पाचर सारली, आणि मी बसायच्याही आधी बोलून टाकलं. हे तुमचं झाड नाही. तुमचं पहिल्याच थंडीत मेलं. मी दुकानातून दुसरं आणलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. जपानीत क्षमा मागायचे सात-आठ प्रकार आहेत, मला येत होते ते सगळे मी वापरले.

“माहीत आहे,” ते म्हणाले. “पानं खुडलेल्या झाडाचे देठ वेगळे दिसतात. फेब्रुवारीतच कळलं.”

“मग विचारलं का नाहीत?”

“विचारायचं असं लिहिलं नव्हतं. सांगायचं असं लिहिलं होतं.”

त्यांनी मला खुर्चीत बसवलं. खिडकीतून आमची इमारत समोर होती, सहा व्हरांडे, काचेआड पाच कुंड्या. पाचांवर पाच लाल दोरे दिसत होते, एकेक वेगवेगळ्या बाजूला. सहावा, आमचा, या खोलीत होता. दोरा सरकला की घरात माणूस आहे, त्यांनी सांगितलं. दार वाजवून लोकांना त्रास द्यायला नको.

मग जे सांगितलं ते खिडकीकडे बघतच सांगितलं. भूकंपानंतर नळाला पाणी नव्हतं. टँकरपुढे रांग लावून ते भाडेकरूंसाठी कॅन भरून आणत आणि दारापुढे ठेवत. आमच्या घरात तेव्हा एक परदेशी जोडपं होतं, त्यांचं लहान मूल होतं. त्यांच्या दारापुढचा कॅन दुसऱ्या दिवशी तसाच भरलेला. तिसऱ्या दिवशीही तसाच. किल्ली लावून आत गेले तर जेवणाची ताटं टेबलावर आणि मुलाचे बूट दारात. ते शाळाशाळांतून फिरले, जिथे लोकांना ठेवलं होतं तिथल्या भिंतींवरच्या याद्या वाचल्या. परकी नावं कशी लिहितील ते माहीत नाही, म्हणून अकरा दिवस सगळ्याच याद्या वाचल्या. महिन्याने एजन्सीने कळवलं की ती माणसं तिसऱ्याच दिवशी विमानाने आपल्या देशी गेली होती, सुखरूप होती.

“बरं वाटलं,” ओया-सान म्हणाले. “फार बरं वाटलं.”

मी विचारलं, कुठली होती ती? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “लांबची.” मी पुन्हा विचारलं नाही. त्या आठवड्यात आमच्या ओळखीतले कितीतरी जण तसेच निघून आले होते. आम्ही तिथे असतो तर आम्हीही आलो असतो, आणि घरमालकाला कळवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

खाली मुलीची गोटी घरंगळत देवघराकडे गेली. ओया-सानांनी आमच्या विमानाची वेळ कागदावर लिहून घेतली. माझ्या कुंडीला त्यांनी पाव फेरा दिला, कारण रविवार होता. निरोप देताना थर्मामीटर काढला, बघितला आणि काही न बोलता परत खिशात ठेवला.

पुण्यात पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, बॅगा उघडायच्या आधी, मी पोस्टात जाऊन कार्ड टाकलं. सोप्या अक्षरांत लिहिलं: पोहोचलो. तिघंही. एप्रिलच्या शेवटी उत्तर आलं. कार्डावर आमचा पत्ता कुणाकडून तरी नीट इंग्रजीत लिहून घेतलेला, आणि मागे भल्यामोठ्या कोऱ्या जागेत मधोमध एकच शब्द: ‘अठरा.’

नवऱ्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. म्हणाला, एवढंच? याला काय उत्तर देणार तू?

मी बाल्कनीत जाऊन थर्मामीटर बघितला, आत आले आणि दुसऱ्या कार्डावर लिहिलं: ‘अडतीस.’